गोव्याचा प्लॅन आणि पार्वतीचं घर

2024 साली छाया कदम दोनदा समुद्रावर दिसल्या. मार्चमध्ये आलेल्या 'मडगाव एक्सप्रेस'मध्ये त्या कंचन कोंबडी होत्या, गोव्यातल्या बायकांच्या टोळीची म्होरकी. नोव्हेंबरमध्ये देशभर लागलेल्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'मध्ये त्या पार्वती होत्या. मुंबईतल्या एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करणारी, राहतं घर बिल्डरच्या घशात गेल्यामुळं रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परत निघालेली विधवा बाई. पहिला सिनेमा पोस्टरपासूनच 'मित्रांची गोवा ट्रिप' म्हणून विकला गेला. दुसऱ्याला कुणी ट्रिपचा सिनेमा म्हटलं नाही. त्याला कान महोत्सवात ग्रां प्री मिळालं, तीस वर्षांनी भारतीय सिनेमा तिथल्या मुख्य स्पर्धेत गेला, त्यामुळं त्याच्याबद्दल बोलताना आपण सगळेच जरा घसा साफ करून बोललो.

माझं म्हणणं असं आहे की दुसरा सिनेमाही ट्रिपचाच आहे. तीन मैत्रिणी, एक लांबचा प्रवास, समुद्र, थोडी दारू, थोडा नाच, एक लपवलेलं प्रेमप्रकरण. सामान सगळं तेच. आणि हे सामान वापरून पंचवीसेक वर्षांत आपल्याकडं जे गाजलेले सिनेमे झाले, त्यांना जे जमलं नाही ते याला जमलंय. ते काय, हे बघायचं तर आधी त्या सिनेमांकडं जावं लागेल. मला ते आवडतात, हे आधीच सांगून ठेवतो. 'दिल चाहता है' किती वेळा पाहिलाय याचा हिशोब माझ्याकडं नाही.

'दिल चाहता है' 2001 चा. फरहान अख्तर तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता, म्हणजे जवळपास माझ्या वयाचा. त्यात गोव्याचा भाग तसा छोटाच आहे. गाणं, रस्ता, उघड्या टपाची मर्सिडीज, बीच, आणि मग किल्ला. तो किल्ला चापोऱ्याचा. आज तिथं जाणारी पोरं त्याला 'दिल चाहता है किल्ला' म्हणूनच ओळखतात. मूळचा तो विजापूरच्या आदिलशाहीतला, आत्ता दिसतो तो नंतर पोर्तुगीजांनी बांधलेला. (आदिलशाहीचाच आणखी एक किल्ला आमच्या जिल्ह्यात आहे, नळदुर्गला. बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधलाय आणि पावसाळ्यात वरून नर-मादी धबधबे पडतात. तिथं तीन मित्रांना तटावर बसवून आयुष्यावर बोलायला लावावं असं अजून कुठल्या दिग्दर्शकाला वाटलेलं नाही. असो.)

त्या तटावरचा प्रसंग अजूनही टिकून आहे आणि त्याचं कारण समुद्र नाही. समीर म्हणतो, दरवर्षी गोव्याला यायला पाहिजे. त्यावर सिद्धार्थ शांतपणे सांगतो की एक दिवस असा येईल की दहा वर्षांतून एकदा भेटणंही अवघड होईल. ट्रिप चालू असतानाच एका मित्राला तिचा शेवट दिसलाय आणि तो ते बोलून दाखवतो. ट्रिपमध्ये असा एक जण असतोच. बाकीचे त्याला 'गप ए' म्हणतात. फरहाननं त्याला गप बसवलं नाही, ही त्या सिनेमाची खरी धिटाई. पुढं तिघांची फाटाफूट होते, ती गोव्यातच आपल्याला सांगून झालेली असते.

पण त्या तिघांना एक प्रश्न कधीच पडत नाही. पैसे कुणी दिले? सुट्टी किती दिवसांची? घरी काय सांगितलं? गाडी निघते ती निघतेच. टोल नाही, पेट्रोल नाही, 'भावा तुझे अकराशे राहिले' नाही. गोव्यात त्यांना भेटणारी लक्षात राहील अशी एकमेव परकी व्यक्ती म्हणजे समीरची परदेशी मैत्रीण, आणि ती त्याला लुटून जाते. लुटलं गेल्याचाही विनोदच होतो, कारण समीरला लुटून समीरचं काही बिघडत नाही. ज्याचं बिघडलं असतं अशा पोराला फरहाननं गाडीत घेतलेलंच नाही. गाडीत जागा तिघांचीच आहे म्हणा.

2013 साली 'गो गोवा गॉन' आला. हा बनवणारे राज आणि डीके दोघंही इंजिनिअर. तिरुपतीला शिकलेले, अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये नोकऱ्या केलेले. ही माहिती मी उगाच देत नाही, तो सिनेमा बघताना ती कळते. मर्सिडीजवाल्या तिघांच्या जागी इथं ऑफिसला जाणारी तीन पोरं आहेत. एकाची नोकरी गेलेली, एकाचं प्रेम मोडलेलं, आणि तिसरा, बनी, ऑफिसच्या कामासाठी गोव्याला चाललेला. बाकीचे दोघं त्याच्या गळ्यात पडतात. म्हणजे ट्रिपचा खर्च कंपनीच्या डोक्यावर. हे किती खरं आहे हे ज्यानं ज्यानं 'क्लायंट व्हिजिट'ला एक दिवस जोडून घेतलाय त्याला सांगायला नको.

मग एका बेटावर पार्टी, नवीन गोळी, आणि सकाळी सगळे झोंबी. मला या सिनेमातली सगळ्यात हुशार गोष्ट झोंबी वाटत नाहीत. ती आहे बोरिस. सैफ अली खान केस पिवळे करून रशियन माफिया झालाय आणि थोड्या वेळानं कळतं की गडी दिल्लीचा आहे. गोव्यात जाऊन आपण दुसरंच कुणीतरी असल्याचं नाटक करायचं, ही त्या ट्रिपची मूळ अटच असते. घरी कपाळावर गंध लावणारा पोरगा तिथं फुलाफुलांचा शर्ट घालतो. बोरिस फक्त ते पूर्णवेळ करतो. 'दिल चाहता है'मधला समीर इथं बोरिस होऊन परत आलाय असंही बघता येतं. मजा म्हणून बघा, सिद्धांत म्हणून नको.

आणि बेटावर माणूस असा कुणीच राहत नाही. सिनेमाला ते सोयीचं आहे, झोंबीपटाला रिकामं बेट लागतंच. पण मला ते कबुलीसारखं वाटतं. पर्यटकांना जसा किनारा हवा असतो, तसा या सिनेमानं तो शेवटपर्यंत नेऊन दाखवला. तिथलं कुणी नाही, फक्त आलेले लोक. आणि मग खायला दुसरं काही न उरल्यावर ते एकमेकांनाच खातात.

त्या सिनेमात हार्दिक झालेल्या कुणाल खेमूनं अकरा वर्षांनी स्वतः लिहून, दिग्दर्शित करून 'मडगाव एक्सप्रेस' आणला. यावर मला जास्त बोलायचंय, कारण यात पहिल्यांदाच प्रश्न बरोबर विचारलाय.

तीन शाळकरी मित्र. गोव्याला जायचं स्वप्न. ते दरवेळी फसतं. मग एक जण केपटाउनला जातो, एक न्यूयॉर्कला, आणि डोडो मुंबईतच राहतो, बापाच्या घरात, काही न करता. तो काय करतो? फोटोशॉप शिकतो. सेलिब्रिटींच्या शेजारी स्वतःला चिकटवतो, फोटो टाकतो, आणि परदेशातल्या मित्रांना वाटतं की आपला डोडो कुठल्या कुठं पोचला. ते भारतात येतात. आता त्यांना गोव्याला न्यायचं तर पैसे कुठून आणायचे? डोडो म्हणतो, लहानपणी ठरवलं होतं तसंच जाऊ. ट्रेननं. गरिबीला आठवणींचा मुलामा देऊन तो डब्यात चढवतो.

हा अर्धा-पाऊण तास मी हसत हसत आणि जरा जिवावर येऊन पाहिला. दिव्येंदुनं डोडोची लाज फार बारीक करून दाखवलीय. मित्र डब्याकडं बघतात तेव्हा तो डब्याकडं बघत नाही, त्यांच्या तोंडाकडं बघतो. मैत्रीत पैसा शिरला की काय होतं, याचं हे चित्र हिंदीतल्या या सगळ्या कुळात मला दुसरीकडं दिसलेलं नाही. समान वयाचे, समान बाकावर बसलेले तीन जण दहा वर्षांत तीन वेगवेगळ्या पगारांवर जाऊन पोचतात आणि तरीही एकाच ट्रिपला एकाच दरात जायचं असतं.

मग बॅग बदलते. बॅगेत कोकेन निघतं. आणि सिनेमा स्वतःच विचारलेल्या प्रश्नापासून पळत सुटतो. पुढची पळापळ वाईट नाही, प्रतीक गांधीचा पिंकू तर झकासच आहे. पण कोकेनची बॅग ही पटकथेतली पळवाट आहे. डोडोकडं पैसे नाहीत ही अडचण होती, तिच्या जागी आता तिघांचा जीव धोक्यात आहे ही अडचण येते, आणि ही अडचण तिघांना सारखी आहे. गुंडाची बंदूक सगळ्यांवर समानच रोखलेली असते. लाज वाटायचं कारणच संपलं. खेमूला विनोदी सिनेमा करायचा होता, त्यानं तो केला, तक्रार नाही. पण दार उघडून आत न जाता परत फिरल्यासारखं वाटलं.

आमच्या बॅचचा ग्रुप आहे, त्याचं नाव अजूनही 'गोवा फायनल' आहे. कॉलेज संपून सहा-सात वर्षं झाली. धाराशिवहून गोवा चारशेच्या वर किलोमीटर पडतं. सोलापूर, विजापूर, बेळगाव, मग चोर्ला घाट. अंतर हा मुद्दा कधीच नव्हता. त्या ग्रुपवर एक जण प्रत्येक वेळी 'तुम्ही जाऊन या, मी पुढच्या वेळी' लिहितो. सोयाबीनला भाव नसतो तेव्हाही लिहितो आणि असतो तेव्हाही. बाकीचे 'चल ना यार' म्हणतात, दोन स्टिकर पडतात, विषय संपतो. खर्च स्प्लिटवाइजवर टाकायचा असं ठरलेलं असतं. त्या अ‍ॅपमध्ये डिफॉल्ट काय आहे? समान भाग. डिफॉल्ट कोण बदलणार? डिफॉल्ट बदलायचं म्हणजे कुणाचा तरी पगार मोठ्यानं बोलायचा. आम्ही सॉफ्टवेअरवाले लोकांना सांगत असतो की युजर डिफॉल्टला हात लावत नाहीत, आणि ग्रुपवर आम्ही तेच युजर असतो.

आणि मुली? वर्गात होत्या. ग्रुपमध्येही आहेत. त्यांनी नाही म्हटलं असं मला आठवत नाही, कारण त्यांना कुणी खरं विचारलेलंच मला आठवत नाही. 'घरून परवानगी मिळणार नाही' हे आम्हीच त्यांच्या वतीनं ठरवून टाकलेलं. हे तिन्ही सिनेमे बघा, तेही तेच करतात. मैत्री पोरांची, मुली वाटेत भेटतात. भेटतात त्या एकट्या, मैत्रिणींशिवाय, जणू बायकांना मैत्रिणी नसतातच.

आता गोव्याच्या माणसांबद्दल. हा आक्षेप नवा नाही, पण तो मला वेगळ्या बाजूनं कळतो. आमच्या जिल्ह्यात समुद्र नाही, पण तुळजापूर आहे. आमच्याकडं लोक सुट्टीला येत नाहीत, दर्शनाला येतात. नवरात्रात आणि त्यानंतरच्या पौर्णिमेला कुठून कुठून माणसं चालत येतात. म्हणजे बाहेरची गर्दी गावावरून वाहून जाते तेव्हा गावाला कसं वाटतं हे धाराशिवच्या माणसाला माहीत आहे. खोल्या भाड्यानं देणारे, परडी आणि कवड्यांच्या माळा विकणारे, रात्रभर चहा उकळणारे. येणाऱ्याच्या फोटोत हे लोक मागं, धूसर असतात. त्यामुळं गोव्याच्या सिनेमात मी नकळत मागचे चेहरे शोधतो. शॅकमधला पोऱ्या, स्कूटर भाड्यानं देणारा, रूमची चादर बदलणारी बाई. 'मडगाव एक्सप्रेस'नं मागच्या लोकांना पुढं आणलं, पण आणताना त्यांच्या हातात पिस्तूल दिलं. उपेंद्र लिमये मेंडोंझा, छाया कदम कंचन कोंबडी. दोन उत्तम मराठी नट, आणि दोघांनाही हिंदी पोरांच्या ट्रिपमधलं विघ्न म्हणून नेमलंय. दोघांनी धमाल केलीय हे मान्य. कंचनच्या टोळीत कोळणी आहेत आणि त्या पडद्यावर आल्या की सिनेमात जीव येतो. पण त्यांच्या घरी काय आहे, हे कळायला वेळ नाही. पोरांची परतीची गाडी आहे.

त्याच वर्षी त्याच बाईला पायल कपाडियांनी घर दिलं. किंवा घर नसणं दिलं.

पार्वतीच्या नवऱ्यामागं घराचे कागद राहिलेले नाहीत. वर्षानुवर्षं राहिलेल्या जागेत ती राहत होती याचा पुरावा नाही. बिल्डरचा टॉवर येणार. प्रभा ही केरळहून आलेली हेड नर्स तिला मदत करायला बघते. मग एका रात्री दोघी बिल्डरच्या होर्डिंगला दगड मारतात आणि हसत सुटतात. त्या दगडानं काही होत नाही. पार्वती गावी जायचं ठरवते. प्रभा आणि तिची रूममेट अनु, तीही नर्स, तिला सामान लावायला सोबत जातात.

ट्रिप अशी ठरते. कुणी 'चला' म्हणत नाही, कुणाचं स्वप्न नाही, ग्रुपला नाव नाही. एकीचं घर सुटलंय म्हणून दोघी सुट्टी काढतात. आणि मग समुद्र येतो. तोवरचा सिनेमा मुंबईचा आहे, रात्रीचा, लोकलचा, पावसाचा, निळसर. किनाऱ्यावर आल्यावर उजेड बदलतो. तुम्ही खुर्चीत जरा मागं टेकता. माझ्या मते ट्रिप म्हणजे काय हे या एका बदलात आहे. शिफ्ट संपलीय आणि उद्या शिफ्ट नाही, हे शरीराला कळायला लागणारा वेळ. 'दिल चाहता है'च्या पोरांना हा वेळ लागत नाही, कारण त्यांच्या अंगावर आठवड्याचा भार नाहीच.

जुन्या घरात पार्वती आणि अनु दारू घेऊन नाचतात. बायकांची दारू हिंदी सिनेमात एकतर बंड असते नाहीतर घसरण. इथं ती फक्त दारू आहे. अनुचा मित्र शियाझ मुसलमान आहे, आणि तिनं त्याला गुपचूप मागं बोलावून घेतलंय. मुंबईत त्या दोघांना जागा नव्हती. इतक्या मोठ्या शहरात दार लावून घेता येईल अशी एक खोली नाही, म्हणून किनाऱ्यावरची गुहा. प्रभाचा नवरा जर्मनीत, त्याचा वर्षाहून अधिक काळ फोन नाही, आणि मध्येच घरी एक परदेशी बनावटीचा राइस कुकर येऊन पडलेला, पाठवणाऱ्याच्या नावाशिवाय. तिघींच्या अडचणी तीन आहेत आणि त्या एकमेकींना समान वाटून घेत नाहीत. जिला जे जमतं ते ती करते. स्प्लिटवाइजचा इथं उपयोग नाही.

माझा एक आक्षेप या सिनेमावरही आहे, आणि तो कानमधल्या टाळ्यांत विरून गेला. गावी पोचल्यावर पार्वती मागं पडते. तिचं गाव, तिचं घर, आणि पुढचा सिनेमा मात्र प्रभा आणि अनुच्या मनात शिरतो. प्रभाला किनाऱ्यावर वाहून आलेला माणूस वाचवावा लागतो, त्यातून नवऱ्याशी होणारा तो स्वप्नासारखा संवाद येतो. प्रसंग सुंदर आहे. पण पार्वतीला गावात कोण ओळखतं, ती गेल्यावर तिच्याबद्दल काय बोललं गेलं, विधवा बाई एकटी परत आली म्हणून कुणाच्या पोटात दुखलं? मराठी गावात हे प्रश्न पहिल्या तासात दारात येऊन उभे राहतात. शेजारीण भाजीची वाटी घेऊन येते आणि सगळं विचारून जाते. ती शेजारीण इथं नाही. रत्नागिरीचा किनारा थोडासा 'गो गोवा गॉन'च्या बेटासारखाच रिकामा झालाय, फक्त कविता म्हणून. बाहेरून बघणाऱ्याला हे जाणवणार नाही. मराठी बघणाऱ्याला जाणवायला हवं, आणि आपल्या परीक्षणांत ते मला फारसं दिसलं नाही.

विनोदी सिनेमाची तुलना अशा सिनेमाशी करणं अन्यायाचं आहे, असं माझा रूममेट म्हणतो. झोंबी आणि कोकेनकडं कामगार बायकांच्या व्यथा का मागायच्या? मी व्यथा मागत नाही. मी हिशोब मागतोय, आणि हिशोब विनोदाला चालतो. डोडो डब्यात चढतो तेव्हा तो सिनेमा हिशोबही मांडतो आणि हसवतोही. तिथं पुढं जायला कोकेनची बॅग लागली नसती. हॉटेलचं बिल आलं असतं तरी पुरलं असतं. तिघं मित्र, टेबलावर बिल, आणि डोडो वॉशरूमला गेलाय. बघा, यात सस्पेन्स पण आहे.

'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'चा शेवट किनाऱ्यावरच्या एका छोट्या टपरीवर होतो. रंगीत दिव्यांची माळ, रात्र. प्रभा अनुला सांगते, तुझ्या मित्राला बोलाव. इतके दिवस जिच्यापासून लपवायचं ती स्वतःच खुर्ची मोकळी करते. चौघं बसतात. कुणी फारसं बोलत नाही. कॅमेरा हळूहळू लांब जातो, आणि तेवढ्यात लक्षात येतं की टपरी सांभाळणारं पोर बाजूला एकटंच, आपल्याच नादात नाचतंय. गिऱ्हाइकांसाठी नाही.